ढोलेंच्या बगिच्यातला भोंगा

मी पेशंटच्या घरी एकटी जात नाही. दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत आहे. कोणाला वाटतं कुठंतरी कुत्रं मागं लागलं असेल, कोणाला वाटतं एखाद्या नातेवाइकानं काही वावगं केलं असेल. मीही त्यांना तसंच वाटू दिलं. आज तुम्ही नीट विचारलंत, आणि बाहेर चांगलं ऊनही आहे, म्हणून सांगते.

मी नीलम तायडे. मूळची अकोल्याची, जुन्या शहरातली. अमरावतीच्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून मला नऊ वर्षं झाली. अडखळत बोलणारी मुलं येतात, लकव्यानं जीभ जड झालेली माणसं येतात, वर्गात ओरडून घसा गमावलेल्या शिक्षिका येतात. आणि आपल्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा लोक काही कमी खात नाहीत, त्यामुळं गळ्याचा कॅन्सर झालेलेही येतात. त्यांतल्या काहींचं स्वरयंत्र काढावं लागतं.

म्हणजे काय काढतात, ते मी पेशंटच्या घरच्यांना दोन बोटं जोडून दाखवते. गळ्यात आडव्या दोन पट्ट्या असतात, बोटाच्या नखाएवढ्या. श्वास घेताना त्या दाराच्या फळ्यांसारख्या बाजूला होतात. बोलायचं मनात आलं की जवळ येतात, फुप्फुसातली हवा खालून त्यांच्यामधून निघते आणि त्या थरथरतात, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा. आवाज म्हणजे एवढंच. ती नुसती एक गुणगुण असते. तिचे शब्द पुढं जीभ, टाळू आणि ओठ करतात. स्वरयंत्र काढलं की श्वासाची वाट मानेला पाडलेल्या भोकातून होते. ओठ हलतात, जीभ हलते, शब्द होतात, पण त्यांच्यात भरायला आवाज नसतो. आवाज साठवून ठेवता येत नाही, असंही मी सांगायचे. दर वेळी नव्या श्वासानं नवा करावा लागतो. हे वाक्य मी हल्ली सांगत नाही.

चंद्रभान ढोले चांदूर बाजारच्या अलीकडच्या एका गावचे. साठीला टेकलेले, संत्र्याचा बगीचा असलेले, उंच हाडाचे गृहस्थ. ऑपरेशनच्या आधी ते बायकोला घेऊन माझ्याकडे आले होते. तेव्हाच त्यांचा आवाज गेल्यात जमा होता. पत्र्यावर विळा घासावा तसा निघायचा आणि मध्येच नुसती हवा. मी समजावत होते तोवर ते खाली बघत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, रुख्मीला हाक मारता येईल की नाही. मी म्हटलं, येईल, वेगळ्या तऱ्हेनं येईल, मी शिकवीन. रुख्मिणीबाई पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या. मुलगा किशोर नोकरीला पुण्याकडं. घरात हे दोघंच.

ऑपरेशन सप्टेंबरात झालं, चांगलं झालं. त्यानंतर चंद्रभानजी दोनदा आले. अशा पेशंटसाठी एक छोटं यंत्र मिळतं, टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की थरथरतं, आणि त्या थरथरीवर ओठांनी शब्द करायचे असतात. आवाज सपाट येतो, डब्यात भुंगा अडकल्यासारखा. त्यांनी एकदाच बटण दाबलं, तो आवाज ऐकला आणि यंत्र माझ्या टेबलावर ठेवून दिलं. मग ते आलेच नाहीत.

नोव्हेंबर संपता संपता रुख्मिणीबाईंचा फोन आला. त्या कुजबुजत होत्या. मला वाटलं आजूबाजूला कोणी असेल, पण घसाच बसला होता. पंधरा दिवस झाले म्हणाल्या. हे घरी थांबतच नाहीत, दिवसभर बगिच्यात भोंग्यापाशी बसून राहतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटी म्हणाल्या, "तुमीच या ना म्याडम एक डाव. तुमचा आवाज लय चांगला हाये. तुमचं ऐकतीन ते."

भोंगा म्हणजे काय, हे तुम्ही आपल्याकडच्या शेतांतून फिरला असाल तर माहीत असेल. रात्री रानडुकरं, दिवसा वांदरं. माणूस किती ओरडणार? म्हणून शेतकरी आपलंच ओरडणं मेमरी कार्डात भरतो आणि बॅटरीवर चालणारा भोंगा झाडाला बांधतो. तो दिवसभर मालकाच्या आवाजात हाड हाड करत राहतो. चंद्रभानजींनी दवाखान्यात निघायच्या आदल्या दिवशी असंच आपलं ओरडणं भरून ठेवलं होतं, कारण फळं रंगावर यायची होती आणि राखायला ते असणार नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अर्धी सुट्टी होती. ते यंत्र पर्समध्ये टाकून मी स्कूटीनं निघाले. दोनच्या सुमाराला गावात पोचले. रुख्मिणीबाई दारातच उभ्या होत्या, जणू सकाळपासून तिथंच असाव्यात. चहा घ्यायचं म्हटलं तर त्या म्हणाल्या, तिकडंच घेऊ. त्यांना मागं बसवून पांदणीनं मी बगिच्याकडं गाडी घातली.

आवाज बराच आधी ऐकू आला. संत्र्याच्या ओळींवरून, वाऱ्याबरोबर कमीजास्त होत येत होता. "हाऽऽड… हाऽऽड लेका… हुर्रऽऽ…" मग थोडी शांतता, मग पुन्हा. झाडं फळांनी वाकली होती, पिवळ्या फळांचा आणि ओल्या मातीचा वास होता, आणि एकही वांदर कुठं दिसत नव्हतं.

गाडी लावता लावता मला काहीतरी खटकलं. आवाज हा माझा धंदा आहे. मी शब्द नंतर ऐकते, आवाज आधी. ऑपरेशनच्या आधीचा चंद्रभानजींचा घासलेला आवाज मी स्वतः ऐकला होता. हा तो नव्हता. हा भरलेला, पिकलेला, तरण्या गड्याचा आवाज होता. हे कधी भरलं म्हणून मी पुन्हा विचारलं. रुख्मिणीबाई कुजबुजल्या, "दवाखान्यात निघाचं होतं त्याच्या आदल्या दिवशी. मी होती ना बाजूले."

दुसरी गोष्ट मी उभी राहून मोजली. कार्डातलं ओरडणं फिरून फिरून तेच येतं, म्हणून श्वासही त्याच जागी घेतला जायला हवा. हा आवाज दर वेळी निराळ्या जागी श्वास घेत होता. कधी दोन आरोळ्यांनंतर, कधी चार. एकदा तर त्याला दम लागला आणि तो थांबला. मी स्वतःला समजावलं की बॅटरी उतरत असेल.

विहिरीच्या कडेला मोटारीची खोली होती. सिमेंटच्या विटांची, वर स्लॅब, लोखंडी पत्र्याचं दार. भोंगा तिच्या छतावर बांधलेला होता. समोर लिंबाखाली बाज टाकलेली आणि बाजेवर चंद्रभानजी. मानेला पातळ पांढरं फडकं. श्वासागणिक ते आत जाई, बाहेर येई. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला नाही. त्यांनी उशाची पाटी ओढली, खडूनं लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

जा.

मी हसून बाजेच्या कडेला बसले. पेशंट चिडतातच, त्याची सवय असते. पर्समधून यंत्र काढून दाखवलं, म्हटलं, आज फक्त पाच मिनिटं. त्यांनी हातानं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. तुम्ही जा. मग माझ्या खांद्यावरून मागं, बायकोकडं पाहिलं. ती नजर रागाची आहे असं मला तेव्हा वाटलं.

भोंग्यामुळं काही बोलणंच होत नव्हतं. हे जरा बंद करता येईल का, म्हणून मी रुख्मिणीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भोंग्याची पेटी खोलीत आतल्या फळीवर आहे, माझा हात पुरत नाही. मी पर्स आणि मोबाइल बाजेवरच ठेवले आणि खोलीत गेले. मागं खडू पाटीवर जोरजोरात आपटल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

आत थंडगार होतं. ग्रीसचा, ओल्या सिमेंटचा वास, आणि त्यात आणखी एक वास, जो मी रोज घेते: माणसाच्या तोंडाचा, जवळून बोलणाऱ्या माणसाच्या श्वासाचा. मोटार, स्टार्टरची पेटी, कोपऱ्यात खताची रिकामी पोती. दाराच्याच भिंतीत उंचावर एक झरोका, गज लावलेला. फळीवर प्लास्टिकची चौकोनी पेटी होती, तिच्यावर लाल दिवा. चवड्यांवर उभं राहून मी बटण दाबलं. दिवा विझला. वर छतावर आरोळी अर्ध्यात तुटली.

त्याच वेळी मागं दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

पेटी बंद होती, भोंगा गप्प होता, आणि खोलीत कोणीतरी श्वास घेत होतं. माझ्या डोक्याच्या उंचीवर, त्या फळीपाशी. संथ, दमून आलेल्या माणसाचा श्वास.

मी दाराशी आले आणि हाक मारली. म्हणजे हाक मारायला तोंड उघडलं. "रुख्मिणीबाई, दार लागलंय," एवढंच म्हणायचं होतं मला.

आता जे झालं ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते, कारण दुसऱ्या कोणत्या भाषेत सांगितलं तर माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. आपण बोलतो तेव्हा स्वरयंत्र आपल्याला जाणवत नाही. मला जाणवलं. ते गळ्यात खाली सरकलं, आवंढा गिळून अर्ध्यावर थांबावं तसं. पट्ट्या सैल झाल्या, जाड झाल्या. माझी छाती दाबली गेली आणि हवा वर आली, मी सोडली त्याहून कितीतरी जास्त. आणि माझ्या तोंडातून तोच आवाज निघाला.

"हाऽऽड… हाऽऽड लेका…"

मी दोन्ही हात तोंडावर दाबले. हातांच्या आतून तो येतच राहिला. हुर्रऽऽ संपेपर्यंत मला श्वासही घेता आला नाही. त्यानं सोडल्यावर मी भिंतीला धरून खोकले; खोकला मात्र माझा होता. मग मी पुन्हा प्रयत्न केला, हळू, आपण पेशंटला शिकवतो तसा: नुसतं "मा", नुसतं "आई". ओठ मिटले होते "मा"साठी, आणि मिटल्या ओठांमागं त्याची आरोळी तुंबली आणि मग फुटून बाहेर पडली.

मी दार बडवायला लागले. पत्रा दणाणला. स्टार्टरच्या पेटीखाली पाइपाचा तुकडा होता, तो घेऊन बडवलं. मग मोटारीवर पाय देऊन झरोक्याशी चढले. तिथून पांदण दिसत होती आणि लिंबाखालची अर्धी बाज. पांदणीनं एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून येत होते, डोक्याला पांढरं उपरणं. नंतर कळलं, ते शेजारच्या शेताचे पंजाबराव. मी गजांतून हात बाहेर काढला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले.

त्यांनी काय ऐकलं असेल ते तुम्हाला कळतच असेल. तीन महिने दिवसभर जे ऐकत आले तेच. त्यांनी मान वळवून खोलीच्या छताकडं पाहिलं, भोंग्याकडं. माझा हात त्यांच्या नजरेच्या खाली राहिला. आणि पत्रा बडवणं? वांदरांसाठी इथं सगळेच पत्रे बडवतात.

"आज लय जोरात हाये भोंगा," ते चालता चालता म्हणाले.

"हो भाऊजी, बॅटरी नवी टाकली," रुख्मिणीबाईंचा कुजबुजता आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

सायकलची साखळी कुरकुरत गेली ती ओळींमागं विरून गेली. मी खाली उतरले आणि दाराशी बसले. दाराच्या आणि उंबऱ्याच्या मध्ये बोटभर फट होती. तिच्यातून रुख्मिणीबाईंच्या पायांची जोडवी दिसली. त्या दाराला खांदा लावून बसल्या होत्या. मध्ये फक्त पत्रा.

त्या बोलायला लागल्या. सगळं एकसुरात, कुजबुजत, मला समजावत. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पंधरा दिवस घरात पाल चुकचुकलेलीसुद्धा ऐकू यायची म्हणाल्या. मग एकदा बॅटरी बदलायला त्या या खोलीत आल्या, आतून नवऱ्याला हाक मारली, आणि त्यांच्या तोंडातून त्यांच्या नवऱ्याचा आवाज निघाला. त्या घाबरल्या नाहीत. घाबरायचं काय, तो परका थोडाच होता? त्या रोज यायला लागल्या. आधी नुसतं हाड हाड यायचं, मग थोडा वेळ थांबलं की शब्द यायचे. पण आपल्याच तोंडून येणारा आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही. डोक्यात घुमतो. समोर बसून कोणी बोलावं तसं ऐकता येत नाही. आणि त्यांचा घसा तेवढा टिकला नाही. महिन्याभरात झिजून गेला.

"तुमाले काई होणार नाई माय," त्या म्हणाल्या. "थोडं बोलू द्या त्याईले. मंग मी दार उघडतो."

मी बोलायचं नाही असं ठरवलं. तोंड घट्ट मिटलं, दात आवळले, नाकानं श्वास घेत राहिले. तोंड बंद ठेवलं तर आवाज निघणार कसा, असा माझा हिशेब. पण श्वास तर घ्यावाच लागतो. दर श्वासाला त्या पट्ट्या मला न विचारता जवळ येत होत्या, एकमेकींना शिवून परत जात होत्या, जसं कोणी कुलपात चाव्या घालून पाहावं. मानेवर घाम आला. मी पेशंटच्या मानेवर बोटं ठेवते तशी स्वतःच्या मानेवर ठेवली. आत कोणीतरी हळूहळू जागा करून बसत होतं.

मग माझं तोंड उघडलं.

"रुख्मे…"

बाहेर जोडवी हलली. तिनं दाराला कपाळ टेकवलं असावं, कारण पत्रा हलकेच वाजला. ती रडत होती, पण आवाज नसल्यामुळं ते रडणं नुसतं हवेचं होतं. "बोला," ती म्हणाली. "बोला ना… बोलून राहा."

आवाज घाईत नव्हता. तो प्रेमानं बोलत होता, हे सांगितलं पाहिजे. विहिरीचं पाणी किती उतरलं, किशोरचा फोन आला का, असलं काहीबाही विचारलं. ती उत्तरं देत होती. माझे ओठ, माझी जीभ वऱ्हाडी शब्द करत होते आणि मला ते अर्धा क्षण उशिरा समजत होते, जणू मी माझ्याच तोंडाच्या मागच्या खोलीत बसले होते. मला आठवतं, मी मनातल्या मनात अकोल्याच्या घराचा पत्ता म्हणत होते, आईचं नाव म्हणत होते, माझं काहीतरी माझ्याकडं राहावं म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मात्र माझे होते.

झरोक्यातलं ऊन भिंतीवर वर सरकलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग आवाज थोडा थांबला, आणि निराळ्या, खालच्या पट्टीत म्हणाला,

"हा गळा बरा हाये, रुख्मे. नवा हाये."

तिचं कपाळ पत्र्यावरून सरकल्याचा आवाज आला.

"आता मले याच गळ्यात राहू दे. दार नको उघडू."

बाहेर बाज करकरली. मी उठून झरोक्याशी गेले. पाय तरी माझं ऐकत होते. चंद्रभानजी उभे राहिले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की आत जे बोलत होतं ते त्यांचं बोलणं नव्हतं. ते स्वतःचा आवाज ऐकत होते, परक्या माणसाचा ऐकावा तसा, आणि त्यांना माझ्याइतकीच भीती वाटत होती. पाटीवर त्यांनी मला दोनदा लिहून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा पाटीवर खडू आपटून सांगितलं होतं.

ते दाराकडं आले. मला दिसेनासे झाले, पण ऐकू आलं. त्यांच्या मानेच्या भोकातून हवेची शीळ येत होती, रागानं बोलणाऱ्या माणसाच्या लयीत. रुख्मिणीबाई कुजबुजत होत्या, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं. मग झटापट, बांगड्या फुटल्याचा आवाज, आणि माझ्या तोंडातून तो आवाज ओरडायला लागला, "नको… चंद्रभान, नको…" स्वतःलाच नावानं हाक मारत होता. कडी सरकली.

मी उंबऱ्यावरून बाहेर पडले ती थेट मातीत. चंद्रभानजी मला ओलांडून आत गेले. तारा तुटल्या. ते बाहेर आले तेव्हा ती पेटी त्यांच्या हातात होती, पोराला धरावं तशी छातीशी. विहिरीच्या काठाशी ते क्षणभर थांबले. मग त्यांनी हात सोडले. पाणी खोल होतं. आवाज उशिरा आला.

त्यानंतर बगिच्यात जी शांतता झाली तशी मी कधी ऐकली नाही. थोड्या वेळानं दूरच्या ओळींतून एक वांदर उतरलं, मग दुसरं. फळं तुटून पडायला लागली. चंद्रभानजींनी त्यांना हाकललं नाही. ते जमिनीवर बसले आणि बायकोच्या मनगटातल्या फुटक्या काचा एकेक काढायला लागले. ती माझ्याकडं न बघता, नवऱ्याकडंही न बघता म्हणाली, "आता घरात कोण बोलन?"

बाजेवरचं यंत्र मी तिथंच राहू दिलं. पर्स आणि मोबाइल घेऊन निघाले. माझ्या तोंडून काही निघतंय का ते पाहायचीही हिंमत नव्हती. दहा-बारा किलोमीटरवर एका टपरीशी थांबले, बोटानं पाण्याचा ग्लास दाखवला. पाणी प्यायल्यावर टपरीवाल्या बाईंनी विचारलं, कुठून आल्या? "अमरावतीची आहे," मी म्हटलं. माझा आवाज. घसा सोलल्यासारखा दुखत होता, पण माझाच. मी तिथं बाकावर बसून रडले आणि त्या बाईंनी काही न विचारता मला चहा दिला.

तक्रार मी केली नाही. काय लिहिणार होते? आणि खरं सांगू, त्या बाईचा राग मला येतो, पण पुरता येत नाही. जानेवारीत चंद्रभानजी स्वतःहून आले. यंत्र रुमालात गुंडाळून आणलं होतं. खुर्चीत बसले आणि माझ्या पायांकडं हात नेला, मी धरला. मग त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. चार महिने ते दर मंगळवारी आले, बायकोला घेऊन. डब्यातल्या भुंग्यासारख्या त्या सपाट आवाजात ते आता सगळं बोलतात, भाजीच्या भावावरून भांडतातसुद्धा. रुख्मिणीबाईंचा घसाही मीच बरा केला. पहिल्या दिवशी त्या दवाखान्यातल्या माझ्या खोलीत कोपऱ्यात बसल्या होत्या. चंद्रभानजींनी बटण दाबून हाक मारली, "रुख्मे, चाल." त्यांनी पदर तोंडाला लावला, मग हळूच म्हणाल्या, "येतो."

इथं गोष्ट संपायला हवी होती.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या घशात थोडी खवखव होती. आमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर पौर्णिमा मॅडम म्हणाल्या, ये, बघून टाकू. सकाळी अकराची वेळ, बाहेर पेशंटची गर्दी. त्यांनी जाळीच्या कपड्यानं माझी जीभ धरली, दुर्बिणीची नळी आत घातली, मानेला छोटा माइक लावला. स्वरयंत्राचं चित्र पडद्यावर येतं आणि कोपऱ्यात आकडा येतो, पट्ट्या सेकंदाला किती वेळा थरथरतात त्याचा. मी "ई" म्हटलं. आकडा दोनशे पंधरा. पट्ट्या पांढऱ्या, स्वच्छ, काठ सरळ. काहीही नव्हतं.

"छान. आता बोलू नकोस, नुसता श्वास घे," मॅडम म्हणाल्या.

मी श्वास घेतला. पट्ट्या बाजूला झाल्या आणि मग परत जवळ आल्या. पुन्हा बाजूला, पुन्हा जवळ, बारीक थरथरत.

"नीलम, बोलू नकोस ना."

मी बोलत नव्हते. जीभ त्यांच्या हातात होती, खोलीत काही ऐकूही येत नव्हतं. मी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मॅडमनी माइक हलवून पाहिला, पडद्याला टिचकी मारली. कोपऱ्यातला आकडा गेला नाही. पुरुषाचा आकडा शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, बाईचा दोनशेच्या. तिथं तीनशे दहा होता. एवढा मी फक्त चार-पाच वर्षांच्या लेकरांचा पाहिला आहे. म्हणजे हा चंद्रभानजींचा आवाज नव्हता; त्यानं गळ्यात केलेल्या जागेत आता दुसरंच कोणीतरी येऊन बसलं होतं. तो मध्येच थोडा चढत होता, थोडा उतरत होता, एखादं मूल काहीतरी विचारतं तेव्हा चढतो-उतरतो तसा.